समोरून वाजवलेली टाळी

यंदाची हळद शिजायला लागली. आमच्या अंगणवाडीच्या मागच्या शेतात कुकर लावलाय आणि सकाळपासून त्याची वाफ वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येते. मातीचा, थोडा औषधी, थोडा गोडसर असा तो वास. लोक म्हणतात, हळदीचा वास शुभ असतो, लग्नघर आठवतं. मला त्या वासानं राग येतो. दोन वर्षं झाली, अजून येतो. पोरांना खिचडी वाढता वाढता हातातला चमचा घट्ट धरला जातो आणि कमलबाई म्हणते, "ताई, पुन्हा तेच आठवून राहिल्या व्हय?" कमलबाई आमची मदतनीस, तांड्यावरची. तिला न सांगता कळतं.

हळदीच्या दिवसांत आमचं गाव रिकामं होतं. वारंगा फाट्यापासून आत जाणारा रस्ता दुपारी बघावा, एक बाई दिसत नाही. सगळ्या काढणीला. अंगणवाडीत नियमानं तीन वर्षांपुढची लेकरं यायला हवीत, पण हळदीत कुठला नियम? मोठ्या बहिणीच्या कडेवर दीड वर्षाचं येतं, दोन वर्षांचं येतं, एखादं तर रांगत येतं. आई दारातून ढकलून देते आणि म्हणते, "बसू द्या ताई, उन्हात कुठं नेऊ?" खरंच, कुठं नेणार? मग आमच्या एका खोलीत पंचवीस लेकरं. त्यातली निम्मी बोलू न शकणारी, पण रडू शकणारी.

त्या वर्षी खेळणी नव्हती. होती ती मोडली होती. नवी येणार असं दोन बैठकांत ऐकलं होतं. रडणाऱ्या लेकरांना बैठकीतलं काय सांगायचं? एके दिवशी कमलबाईनं गोडेतेलाचा रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर दोन्ही हातांनी ताल धरला. खोली एकदम गप्प झाली. मग एक दोन वर्षांचं पोरगं सरकत सरकत पुढं आलं आणि त्यानं डब्यावर एक चापट मारली. आवाज आला. त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, पुन्हा मारली. आपल्या हातानं जगात काहीतरी होतं, हे त्या वयात कळण्याचा आनंद काय असतो, तो मी त्या दिवशी त्याच्या तोंडावर पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी आयांना सांगितलं, घरात टाकायचं असेल ते आणा. करवंट्या आल्या, वाकडे चमचे आले, दांडी तुटलेलं उलथनं आलं, तडा गेलेला माठ आला. सोड्याच्या बाटल्यांची बुचं आली टोपलीभर. लहान बाटल्यांत आम्ही तुरीचे दाणे भरले, कुणात चिंचोके, कुणात वाळू, आणि झाकणं चिकटवून वरून कापडाच्या चिंध्यांनी आवळून बांधली, कारण दोन वर्षांच्या लेकराच्या हातातला दाणा आधी नाकातच जातो. माठाच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून ढोल केला. कमलबाईनं पपईच्या देठाच्या पिपाण्या कापून दिल्या. लेकरं स्वतः काय करत होती? दाणे मोजून नव्हे, मुठीनं भरत होती, निम्मे सांडत होती, सांडलेले पुन्हा वेचत होती. एका पोरीनं तुरीची बाटली हलवली, मग वाळूची हलवली, आणि वाळूची बाटली छातीशी धरून बसली. तिला तोच आवाज हवा होता, हळू, शू करणारा. दोन वर्षांच्या माणसालाही आवड असते.

बुचांचं काम गफूरचाचांकडं गेलं. गफूरचाचा म्हणजे गावातले पत्रेवाले. धान्याच्या कोठ्या, डबे, चाळण्या बनवायचे आणि कळमनुरीच्या बाजारात नेऊन विकायचे. त्यांचं घर अंगणवाडीच्या तिसऱ्या दाराला. दिवसभर पत्र्यावर हातोडा चाले. मी बुचांची टोपली नेली तर हसले. "ताई, उमर गेली डबे बनवण्यात. बाजा बनव म्हणून कुणी बोललं न्हाई." त्यांनी सगळी बुचं ठोकून चपटी केली, मधे भोकं पाडली, कडा बोटानं तपासून तपासून घासल्या. लेकरांचा हात कापायला नको म्हणून. मग तारेत ओवून झांजा करून दिल्या. त्यांची नात महेक तेव्हा त्यांच्या पायाशी, हातोड्यापासून दीड हातावर, पोत्यावर गाढ झोपली होती.

"हिला काही वाटत नाही का आवाजाचं?" मी विचारलं.

"पत्रेवाल्याची पोती हाय," चाचा म्हणाले. पोती म्हणजे नात. "पाळण्यातनं आदत हाय तिला." आणि त्यांचा चेहरा अभिमानानं भरून आला.

मीही हसले. ते हसू मला आजही सोडत नाही.

महेक अडीच वर्षांची. तिची आई नसीम हळदीला जायची, बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. अंगणवाडीत महेक कधी रडायची नाही. कोपऱ्यात करवंट्या ओळीनं मांडत बसायची. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलं होतं, "शांत, समजूतदार." आपल्याकडं पोरीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं. गप पोरगी म्हणजे गुणी पोरगी. पोरगं बोललं नाही तर घरचे वैद्याकडं धावतात, पोरगी बोलली नाही तर शेजारीण म्हणते, नशीब काढलंत. ती गप्प काहून आहे, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही, माझं तर तेच काम होतं.

वाद्यं तयार झाल्यावर महेकला तेलाचा डबा आवडला. ती तो वाजवायची नाही. दुसरं कुणी वाजवत असलं की फरशीवरच्या त्या डब्याला गाल लावायची, डोळे मिटायची आणि हसायची. आम्हाला मोठं गोड वाटायचं. कमलबाई मुद्दाम जोरात वाजवायची. सगळी लेकरं मग महेकसारखी डब्याला गाल लावायला धडपडायची, आणि एकच कल्ला. मी मोबाईलवर त्याचे फोटो काढले होते. अजून आहेत. बघवत नाहीत.

एके दिवशी आम्ही खेळ केला. लेकरांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं, मागं मी काहीतरी वाजवणार, त्यांनी वळून बोट दाखवायचं. करवंट्या वाजल्या, सगळी वळली. झांज वाजली, सगळी वळली. महेक वळली नाही. मला वाटलं, करवंट्यांच्या ओळीत गुंग आहे. मी तेलाचा डबा उचलला, हातात अधांतरी धरला आणि तिच्या पाठीमागं उभी राहून लाकडी बत्त्यानं सगळा जोर लावून मारला.

रांगणारं लेकरू दचकून किंचाळलं. खिडकीतला कावळा उडाला. महेकनं चौथी करवंटी उचलली आणि तिसरीच्या शेजारी ठेवली.

मी पुन्हा मारला. मग पुन्हा. कमलबाईनं माझा हात धरला. मला कळलं होतं, तिलाही कळलं होतं. पोरगी डब्याला गाल लावत होती ती आवाजासाठी नव्हे. आवाजाचा जो एवढासा थरथराट तिच्या वाट्याला येत होता, तो ती गालानं वेचत होती. आणि आम्ही दोघी पंधरा दिवस ते कौतुकानं बघत होतो.

आता रागाचं सांगते. त्या हळदीच्या आधीच्या पावसाळ्यात तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी त्यांना आणखी तीन गावं करायची होती. त्यांच्यातल्या एकानं महेकच्या पुढ्यात बसून टाळी वाजवली. डोळ्यांपुढं दोन हात आपटले तर कुठलं लेकरू बघणार नाही? तिनं पाहिलं. कागदावर कानापुढं बरोबरची खूण झाली. पुढचं लेकरू. मी शेजारी उभी होते. रजिस्टर माझ्याच हातात होतं, आणि ती खूण मी माझ्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरून घेतली. टाळी समोरून वाजवली, पाठीमागून नाही. उठून चार पावलं मागं जायचं, एवढंच काम होतं. तेवढी चार पावलं कुणी चाललं नाही, आणि त्या चार पावलांत एका पोरीचे महिने गेले.

संध्याकाळी नसीम आली. हात कोपरापर्यंत पिवळे, नखांत माती. मी सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली.

"काहीतरीच काय बोलून राहिल्या ताई? घरात दिवसभर हातोडा चालतो. तिला आदत हाय. आमचे सगळेच उशिरा बोलतात. तिचे अब्बा चार सालचे होऊन बोलले."

"नसीम, मी मागून डबा वाजवला. तीनदा."

"नसंल लक्ष."

ती लेकीला कडेवर घेऊन निघाली. मी मागं मागं गेले. चाचा कोठीचं झाकण ठोकत होते. त्यांनी सगळं ऐकलं. महेकला अंगणात बसवलं, तिच्यापुढं एक चाळणी ठेवली. मग एक मोठा पत्रा उचलून तिच्या पाठीमागं गेले, पत्रा एका हातानं लटकता धरला आणि हातोडा मारला. मी कान झाकले. शेजारची बाई दारात आली. महेक चाळणीच्या भोकांतून बोटं घालून बघत होती.

चाचांनी दुसऱ्यांदा मारला नाही. पत्रा हळूच भिंतीला टेकवला आणि उंबऱ्यावर बसले.

"मी समजत होतो," ते म्हणाले, "माझ्या कामाची तिला माया हाय, म्हणून बाजूला झोपते."

नसीमनं पिवळे हात तोंडावर धरले.

दोन दिवसांनी आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या. बरोबर नव्या खेळण्यांचं खोकं होतं. प्लास्टिकचा ढोल, प्लास्टिकचा खुळखुळा, सगळं पिशव्यांत बंद. वरून पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढं ते मांडायचं होतं आणि तोवर पिशव्या फाडायच्या नव्हत्या. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली.

"हे भंगार काय मांडलंय?"

मी म्हणाले, "लेकरांनी बनवलंय." आणि लगेच महेकचं सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच हात वर केला.

"पथक येऊन गेलं ना? बरोबर लिहिलंय ना त्यांनी? मग तुम्ही काय कानाच्या डॉक्टर झालात?"

"मॅडम, तुम्ही स्वतः बघा. दोन मिनिटं लागतील."

"मला पाच केंद्रं करायचीत आज. हे आधी बाहेर टाका."

मी टाकलं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी भांडले नाही. तोंडातून "बरं मॅडम" असे शब्द गेले. कमलबाई आणि मी माठाचा ढोल, बाटल्या, करवंट्या, झांजा उचलून मागं लिंबाखाली नेऊन टाकल्या. वाळूची बाटली छातीशी धरणाऱ्या पोरीच्या हातातून ती मी सोडवून घेतली. ती इतकं रडली की तिला उलटी झाली. खोकं तसंच कपाटावर राहिलं. पाहुणे त्या महिन्यात आले नाहीत.

मॅडमवर मी रागावले, पथकावर रागावले, पण त्या संध्याकाळी घरी भाकऱ्या थापताना सगळा राग फिरून माझ्यावरच आला. सतरा वर्षांच्या नोकरीत मी काय शिकले, तर "बरं मॅडम". पहिली भाकरी तव्यावर करपली, दुसरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं ग?" मी म्हणाले, "उद्या मी महेकला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात चालले."

सकाळी कमलबाईकडं किल्ली दिली. ती म्हणाली, "जा तुमी. मी हाय इथं. कुणी आलं तर बघून घेईन." नसीम हळदीचा दिवस मोडून आली. बसमध्ये महेक खिडकीपाशी बसली आणि सगळा रस्ताभर तिनं गाल खिडकीच्या गजाला लावून ठेवला होता. बस थरथरत होती. ती हसत होती. नसीमनं ते पाहिलं आणि तोंड पदरानं झाकून घेतलं. आता तिलाही ते हसू कळत होतं.

तपासणी झाली. लेकराला झोपवून, डोक्याला वायरी लावून करतात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण नीट बोलल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. जन्मापासून असावं. कानाला मशीन लावावं लागेल, बोलायला शिकवावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वर्षभर आधी आणली असती तर फार फरक पडला असता."

नसीम माझ्याकडं बघत होती. मी फरशीकडं.

त्यानंतर मशीन मिळायला पुढची हळद उजाडली. त्या वर्षाचं काय सांगू? हा दाखला आणा, तो शिक्का आणा. साहेब रजेवर आहेत. साहेब आले, पण तपासणीचं यंत्र बंद आहे. नाव चुकलंय, महेकचं माहेक झालंय, दुरुस्त करून आणा. प्रत्येक खेपेला नसीमच्या कडेवर पोरगी थोडी जड झालेली. कचेरीतल्या बाकावर बसून ती समोरच्या माणसांच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहायची. एका टेबलावरचा माणूस म्हणाला, "किती शांत लेकरू आहे हो." नसीमनं त्याला सांगितलं, "शांत न्हाई. बहिरी हाय. त्याच्याचसाठी आलो आमी." असं बोलायला ती त्याच वर्षात शिकली.

आणि मला एक कागद आला. पूर्वपरवानगीशिवाय केंद्रावर गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा सादर करावा. मी खुलासा लिहिला. लिहिलं की, अमुक दिवशी एका बालिकेला कान तपासायला नेलं होतं, तिला ऐकू येत नाही, आणि आमच्या रजिस्टरात तिला ऐकू येतं असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, त्याचाही खुलासा कुणीतरी मागावा. त्यावर उत्तर आलं नाही. पण "बरं मॅडम" त्या दिवशी संपलं. कपाटावरचं खोकं मी त्याच आठवड्यात काढलं, पिशव्या फाडल्या आणि खेळणी लेकरांना दिली. चार दिवसांत ढोल फुटला. फुटू दे. खेळण्याचं तेच काम असतं.

मशीन लावलं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पोरगी हसेल. महेक भेदरली. आयुष्यात पहिल्यांदा जग तिच्या अंगावर धावून आलं होतं. तिनं कानावरचं मशीन ओढून फेकलं, पुन्हा लावलं, पुन्हा फेकलं. घरात हातोडा सुरू झाला की ती किंचाळत पलंगाखाली शिरायची. चाचांनी आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी ऐरण, हातोडा, कातर गाड्यावर टाकून फाट्यावर एका शेडमध्ये नेली. सत्तरीचा माणूस रोज तेवढा चालत जातो. मी विचारलं तर म्हणाले, "आता तिला तकलीफ होते ना." हे सांगताना त्यांचा चेहरा त्या पहिल्या दिवसासारखाच अभिमानानं भरला होता.

लोक मला म्हणतात, झालं ना आता, मिळालं ना मशीन, राग सोडा. काय सोडू? महेक आता पाच वर्षांची होईल. अजून तिचं बोलणं नसीमला, मला आणि कमलबाईलाच कळतं. तिच्या बरोबरीची पोरं गाणी म्हणतात, भांडतात, चहाड्या सांगतात. ती एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलते. मी आता प्रत्येक लेकराच्या पाठीमागं उभी राहून डबा वाजवते. नवं लेकरू आलं की त्याच दिवशी. ते वळलं की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. हे इतकं सोपं होतं.

यंदा, मागच्या महिन्यात, मॅडमचा फोन आला. आवाज अगदी गोड. तालुक्याला प्रदर्शन आहे, टाकाऊपासून टिकाऊ. "तुमची ती वाद्यं होती ना? छान होती हो. पुन्हा करा ना."

मी ठेवूनच देणार होते फोन. पण मागं पंचवीस लेकरं होती. म्हणाले, "करते. पण लेकरांसाठी करते. तुम्हाला बघायला यायचं तर या."

पुन्हा करवंट्या आल्या, बुचं आली. चाचांनी फाट्यावरून झांजा करून पाठवल्या. यावेळी महेक दाणे भरत होती, बाटली कानाशी नेऊन हलवत होती, मान हलवून पसंत नाही असं सांगत होती, दाणे कमी करत होती, पुन्हा हलवत होती. एका बाटलीवर तिची वीस मिनिटं गेली. मी घाई केली नाही.

मॅडम फोटो काढायला आल्या. नसीम त्या दिवशी मुद्दाम हळदीला गेली नव्हती. लेकरं ओळीनं बसली, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. मॅडमनी मोबाईल धरला, खाली केला, आणि महेककडं बोट केलं.

"त्या मुलीचं ते मशीन जरा केसांखाली घ्या ना. फोटोत बरं दिसत नाही."

कमलबाई त्यांना अडवायला उठत होती, तोवर मॅडम स्वतःच पुढं आल्या, वाकल्या आणि महेकच्या कानावर केस ओढायला हात पुढं केला.

महेकनं त्यांचं मनगट धरलं. तिच्या दोन्ही मुठींत मिळून ते मनगट पुरतं मावत नव्हतं, पण तिनं धरलं.

"नै," ती म्हणाली.

स्पष्ट. मोठ्यानं. तिच्या घरच्या दखनीतलं होतं की आमच्या मराठीतलं, कोण जाणे, दोन्हीकडं ते सारखंच. पण परक्या माणसाला कळलेला तो तिचा पहिला शब्द. मॅडमना पूर्ण कळला. त्यांनी हात मागं घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मोठ्यांशी असं बोलतात का? जरा वळण लावा हिला."

मी तोंड उघडायच्या आत नसीम दारातून पुढं आली.

"वळणच हाय ते, मॅडम," ती म्हणाली. खाली बसली, आणि लेकीच्या कानावर आलेले केस मागं घेऊन नीट चापानं बसवले.